"तिकडचा तुझा एजंट कोण?" विचारणाऱ्या जेलरोडच्या मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

परवा सकाळी बाकावर बसलो होतो तेव्हा तुमच्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, थायलंडला राहतोस ते सगळं ठीक आहे पण व्हिसाचं काम करणारा तिकडचा तुझा एजंट कोण? मी म्हटलं एजंट नाही, माझं मीच करतो, तर एक जण हसला आणि म्हणाला सांगायचं नसेल तर राहू दे. ते मला दिवसभर टोचत राहिलं म्हणून हे पत्र. बाकावर बोलायला गेलं की मध्येच डीए निघतो, मग कोणाचा तरी गुडघा निघतो आणि माझं बोलणं अर्ध्यावर राहतं. लिहिलेलं निदान मध्ये तोडता येत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मी इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये ३४ वर्षं काढली, नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, २०१७ ला रिटायर झालो. देशाचे पासपोर्ट आपल्या नाशिकरोडला छापतात हे तुम्हाला सांगायला नको, हजारो कोरे पासपोर्ट डोळ्यांखालून गेले पण माझा स्वतःचा पासपोर्ट मी काढला तो साठी जवळ आल्यावर, तोही मुलीने मागे लागून. जावई थायलंडमध्ये चियांग माईशेजारी लंफूनच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरीला होते (आपलं अंबड समजा, फक्त झाडं जास्त). नातवाला सांभाळायला म्हणून गेलो, नातू मोठा झाला, जावयांची बदली सिंगापूरला झाली, ते गेले आणि आम्ही दोघं तिथेच राहिलो. का राहिलो ते वेगळं पत्र होईल. डोंगर जवळ आहेत, बाजार पायी जाण्यासारखा आहे, हिचा दमा तिथे बरा असतो, फक्त फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे रानं जाळतात त्याचा धूर खोऱ्यात साचून बसतो म्हणून तेवढे महिने आम्ही नाशिकला येतो. द्राक्षाचा सीझनही तोच, त्यामुळे तक्रार नाही.

आता मुद्दा. तुम्ही ज्याला रिटायरमेंट व्हिसा म्हणता तो खरं तर व्हिसा नसतोच. पन्नाशी पुढच्या माणसाला नॉन इमिग्रंट ओ नावाच्या व्हिसावर आधी ९० दिवस मिळतात आणि मग तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात अर्ज करून मुक्कामाची मुदत एकेक वर्ष वाढवून घ्यायची, म्हणजे पासपोर्टमध्ये एक शिक्का. फी १९०० बाहत (बाहत म्हणजे तिकडचं चलन). अट काय, तर थायलंडमधल्या बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाहत, किंवा दरमहा ६५ हजार बाहत उत्पन्न. ६५ हजारचं आपल्या पेन्शनीत बसत नाही, सोडून द्या. ८ लाख बाहत म्हणजे आपले वीस लाखांच्या वर जातात, माझी ग्रॅच्युइटी आणि पीएफमधले थोडे असे मिळून तिकडे गेले. आणि हे पैसे नुसते दाखवून चालत नाहीत, अर्जाच्या आधी दोन महिने ते खात्यात बसलेले पाहिजेत, शिक्का मिळाल्यावर तीन महिने हलवायचे नाहीत, त्यानंतर ४ लाखांपर्यंत खाली आणू शकता पण पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी परत ८.

म्हणूनच एजंट लागतो, असं तुम्हाला वाटतंय. एजंट म्हणतो ८ लाख नसले तरी चालेल, मी बघतो. तो काय बघतो ते सांगतो.

आमच्या गल्लीत, तिकडे गल्लीला सोई म्हणतात, विदर्भातले एक काका राहायचे. एकटे, सज्जन माणूस, बुद्धिबळात मला कायम हरवायचे. त्यांच्याकडे ८ लाख नव्हते. एजंटने त्यांच्या नावावर खातं उघडलं, चार दिवसांसाठी कोणाचे तरी पैसे त्यात टाकले, कागद करून घेतले, पैसे काढून घेतले आणि पासपोर्ट घेऊन गेला. फी मोजली ती वेगळीच. तीन आठवडे पासपोर्ट आला नाही. त्या तीन आठवड्यांत अकोल्याला त्यांचे मोठे भाऊ वारले. काकांनी एजंटला दिवसभरात किती फोन लावले असतील देव जाणे, फोन बंद. पासपोर्टशिवाय माणूस विमानतळाच्या दारात तरी काय करणार. माझ्याच घरी, माझ्या टॅबवर, त्यांनी व्हिडिओ कॉलवर अग्नी दिलेला बघितला आणि टॅब उलटा करून टेबलावर ठेवून दिला. ही चहा घेऊन उभी होती, तो चहा तसाच गार झाला.

पुढच्या आठवड्यात पासपोर्ट आला तो मी हातात घेऊन बघितला, सवय आहे ना. शाई खरी होती, शिक्का खरा होता, नंबर बरोबर होता, पण शिक्का अशा प्रांतातल्या ऑफिसचा होता जिथे काका आयुष्यात कधी गेले नव्हते. कागद शंभर टक्के खरा आणि त्यामागची हकीकत सगळी खोटी. प्रेसमध्ये आपण उलटं शिकलो होतो, की कागद खरा की खोटा एवढं बघायचं, बाकी आपला विषय नाही. उद्या कोणी तपासायला बसलं असतं तर खुर्चीत एजंट नसता, काका असते. ते दोन महिन्यांत सगळं विकून परत आले.

सगळे एजंट असे नसतात हेही सांगतो. कोणाला चालवत नाही, कोणाला रांगेत उभं राहवत नाही, अशा माणसाने स्वतःचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवून फक्त फॉर्म भरायला आणि नंबर लावायला पैसे देऊन माणूस घेतला तर त्यात काही वावगं नाही. पहिल्या वर्षी मीही तसाच घेतला होता. काम झालं पण पासपोर्टात काय लिहिलंय, पुढची तारीख कुठून मोजायची, हे मी विचारलं तर तो म्हणाला "नो वरी, नेक्स्ट इयर कॉल मी". म्हणजे माझ्या मुक्कामाची तारीख दुसऱ्याच माणसाच्या मोबाईलमध्ये. तिथेच ठरवलं.

आणि करायला घेतल्यावर कळलं की हे काम आपल्या लोकांनी तर डोळे झाकून करावं असं आहे. प्रेसमध्ये शीट मोजून घ्यायची, मोजून द्यायची, एक कमी आली तर सेक्शन घरी जात नाही. इथेही तेच. पासपोर्टच्या झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर सही, ४ बाय ६ सेंटीमीटरचा फोटो, बँकेचं पत्र, पासबुक, आणि घराचा हाताने काढलेला नकाशा. हो, नकाशा! मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत कसं यायचं ते. पहिल्यांदा मी मुक्तिधामपासून बिटकोपर्यंत काढतात तसा देऊळ, पाण्याची टाकी, भाजीवाली असा भरगच्च काढला होता, काउंटरवरच्या बाई बराच वेळ तो बघून हसत होत्या. अजून तोच नकाशा दरवर्षी झेरॉक्स मारून देतो, भाजीवाली सोडून गेली तरी.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पासबुक ज्या दिवशी अर्ज त्याच दिवशी अपडेट केलेलं लागतं, म्हणून सकाळी सकाळी शंभर दोनशे बाहत भरायचे किंवा काढायचे म्हणजे त्या तारखेची एंट्री पडते. आणि बँकेच्या पत्रावर थाई साल असतं, आपल्या सालात ५४३ मिळवायचे, २०२५ म्हणजे २५६८. पहिल्यांदा ते बघून मला वाटलं मशीन बिघडलं.

आता माझी चूक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा फार शहाणा. मी खात्यात बरोब्बर ८ लाख ठेवायचो. व्याज आलं की काढून घ्यायचो, आकडा कसा गोल दिसला पाहिजे. २०२३ ला माझी मुदत १५ नोव्हेंबरला संपत होती. ८ सप्टेंबरला, गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ही सहज पासबुक चाळत बसली होती आणि म्हणाली, अहो यात सात लाख नव्व्याण्णव हजार का दिसतायत? मी म्हटलं चष्मा लाव. तिने चष्मा लावूनच वाचलं होतं. बँकेने डेबिट कार्डाची वर्षाची फी कापली होती, ३०० बाहत. ७ लाख ९९ हजार ७००. मी फोनवर मेसेज बघितला असणार आणि जाहिरात समजून सोडून दिला असणार. ३०० बाहत म्हणजे तिकडे दोघांचं साधं जेवण, आणि तेवढ्यासाठी सगळं वर्ष जाणार होतं, कारण दोन महिने आधी म्हणजे दोन महिने आधी, तिथे हातापाया पडून चालत नाही. मुदत संपायला ६८ दिवस होते म्हणून वाचलो. त्याच दुपारी २० हजार भरले, दोन महिने पूर्ण होऊ दिले आणि ९ नोव्हेंबरला, वसुबारसेला, अर्ज दिला. दहा दिवस उशिरा तिने पासबुक उघडलं असतं तर देश सोडा, नवा व्हिसा काढा, परत पहिल्यापासून. तेव्हापासून ८ लाखांच्या वर ५० हजार पडून असतात आणि मी गोल आकड्यांच्या नादाला लागत नाही.

बाकीच्या तारखा पटकन सांगतो.

दर ९० दिवसांनी आपण कुठे राहतो ते कळवायचं, फॉर्म टीएम ४७, फी नाही. ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ऑफिसात जाऊन देता येतो, विसरलात तर २००० बाहत दंड. ऑनलाइनही होतो पण त्याची खिडकी तारखेच्या ७ दिवस आधी बंद होते म्हणून मी पंधरा दिवस उरले की लगेच भरायला बसतो. यात लोक घोळ करतात, ९० दिवसांचा कागद म्हणजे मुदतवाढ नाही बरं का, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही. मुदत संपून राहिलात तर दिवसाला ५०० बाहत, वरची मर्यादा २० हजार, आणि पासपोर्टात डाग पडतो तो वेगळा.

नाशिकला यायच्या आधी री-एंट्री परमिट. हे मात्र वहीत लाल पेनाने लिहून ठेवा. एका फेरीचे १००० बाहत, वर्षभर कितीही फेऱ्यांचे ३८००. हे न घेता विमानात बसलात की ती एक वर्षाची मुदत त्याच क्षणी खलास, मग बँकेत ८ लाख असोत की ८० लाख. आम्ही जानेवारीतच घेऊन ठेवतो. आणि परत जाताना मे २०२५ पासून कागदाचा अरायव्हल फॉर्म गेला, तो आता पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा, फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. घरात राहायला गेलात की घरमालकाने २४ तासांत आपली नोंद करायची असते, टीएम ३०. आमची घरमालकीण ७८ वर्षांची, तिला कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीच वाटतो, तर तिच्यासमोर बसून तिच्या लॉगिनवर मीच भरतो आणि ती मला भोपळ्याचं काहीतरी गोड खायला देते.

इकडची बाजूही असतेच. तिकडे राहायला लागलात की इथलं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करावं लागतं, पैसे पाठवताना सीएकडून कागद लागतात, ते नाशिकरोडचे आमचे सीए करून देतात. पण माझं घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. इथलं सिमकार्ड रिचार्ज करायचं राहिलं, नंबर बंद पडला, आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर. पैसे माझे, खातं माझं आणि मी चियांग माईला बसून स्वतःच्या पैशांकडे काचेतून बघितल्यासारखा बघत होतो. शेवटी नाशिकला आल्यावर सुटलं. म्हणून सिम जिवंत ठेवा, पेन्शनीइतकंच. हयातीचा दाखला नोव्हेंबरात, तो चियांग माईच्या आपल्या कॉन्सुलेटमधून होतो. मुदतवाढ नोव्हेंबरात, हयातीचा दाखला नोव्हेंबरात, दिवाळी बहुतेक त्याच्या आगेमागे, त्यामुळे आमच्या घरी फराळाचे डबे आणि झेरॉक्सचे गठ्ठे एकाच टेबलावर असतात, एका अर्जावर चकलीचं तेल लागलं होतं, तो परत लिहिला.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते.

तुमच्यातला प्रत्येक जण मला विचारतो "तुझा" व्हिसा कसा. वहिनींचा कसा, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. नवऱ्याच्या शिक्क्यावर बायकोला डिपेंडंट म्हणून राहता येतं, तिच्यासाठी वेगळे ८ लाख लागत नाहीत, फक्त लग्नाचा दाखला लागतो. फक्त! आमचं लग्न १९८४ चं, निफाडजवळच्या गावात, मांडवात. नोंदणी कोण करत होतं तेव्हा. ३५ वर्षांनी मी लग्नाची नोंदणी करायला उभा, तीन साक्षीदार पाहिजेत, भटजींची सही पाहिजे, लग्नपत्रिका पाहिजे. भटजी जाऊन वीस वर्षं झालेली. पत्रिका हिच्या माहेरी ट्रंकेत सापडली, हळदीचं बोट तसंच होतं तिच्यावर, आणि भटजींच्या जागी प्रतिज्ञापत्र केलं. मग त्या दाखल्यावर राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग थायलंडच्या वकिलातीचा, कारण आम्ही केलं तेव्हा थायलंड अपोस्टिल (म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशात कागद चालतो ती पद्धत) मानणाऱ्या देशांत नव्हतं, मग त्याचं थाई भाषांतर. तुमच्यापैकी ज्यांची लग्नं मांडवात झाली आणि तिथेच राहिली, त्यांनी जायचं असो वा नसो, ही नोंदणी इथे असतानाच उरकून घ्या.

तर चार वर्षं ही माझ्या शिक्क्यावर राहिली. मग वरच्या ३०० बाहतच्या प्रकरणानंतर एका रात्री तिने विचारलं, तुम्हाला काही झालं तर माझं काय? मी म्हटलं काय म्हणजे, मुलगी येईल. ती म्हणाली, मुलीचं नाही विचारत, माझ्या पासपोर्टाचं विचारतेय. मला उत्तर माहीत होतं आणि मी ते चार वर्षं बोललो नव्हतो. मी गेलो की माझा शिक्का संपतो आणि माझ्या शिक्क्यावर टांगलेला तिचाही संपतो. खातं माझ्या एकट्याच्या नावावर, ते बँक गोठवणार, कोर्टाचे कागद होईपर्यंत त्यातलं काही हाताला लागणार नाही. म्हणजे दहाव्याच्या आत तिने बाडबिस्तरा आवरायचा, तोही पैशाशिवाय, आणि त्या घरात कुठला कागद कुठे आहे हे फक्त मला ठाऊक. एजंटवर इतका चिडलेला मी, आणि घरात मी तिचा एजंटच होऊन बसलो होतो की.

नाशिकची एक एफडी मोडली, तिच्या नावावर तिकडे वेगळं खातं उघडलं आणि त्यात तिचे ८ लाख टाकले. सगळ्यांना हे जमेल असं नाही, मला माहीत आहे, आम्हालाही सोपं गेलं नाही, जेलरोडच्या फ्लॅटचं रिनोव्हेशन राहिलं ते राहिलंच. पण निदान मृत्युपत्र तरी करा तिकडच्या खात्यापुरतं, आणि निदान तारखा तरी दोघांना पाठ असू द्या. ही आता स्वतःचा ९० दिवसांचा रिपोर्ट स्वतः भरते, पासवर्ड मला सांगत नाही.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं गेलो, दोन फायली, दोन टोकन. तिचा नंबर आधी आला. मी सवयीने उठून तिच्याबरोबर काउंटरपर्यंत गेलो, तर आतल्या बाईंनी मला हाताने मागच्या खुर्च्या दाखवल्या. अर्जदार तुम्ही नाही. मी जाऊन बसलो. दहा मिनिटांनी ही परत आली, शिक्का दाखवला, माझ्या मांडीवरची माझी फाईल उचलली, पानं मोजली आणि म्हणाली, अहो, तिसऱ्या झेरॉक्सवर सही राहिलीय तुमची.

सोमवारी सकाळी दोन्ही फायली घेऊन बाकावर येतोय. वहिनींनाही घेऊन या, ही पण येणार आहे, आणि खरं सांगायचं तर प्रश्न तिलाच विचारा, तिचं अक्षर चांगलं आहे.

तुमचाच,
प्रेसमधला एक जुना